कंपॅटिबल शाईमुळे फोटो लाल-हिरवा मारत असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधल्या एका छोट्या स्टुडिओत एप्सन एल८०५ हा सहा शायांचा टाकीवाला प्रिंटर आहे. ओरिजिनल शाई संपल्यावर सहाही टाक्यांत दुसऱ्या कंपनीची शाई भरली. तेव्हापासून पासपोर्ट फोटोतले चेहरे लालसर येतात आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो हिरवट मारतात. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, मॅजेंटा (गडद गुलाबी) कमी केला की चेहरा सुधारतो, पण राखाडी आणखी हिरवी होते. यातून बाहेर कसं पडायचं?

शेवटच्या प्रश्नाआधीच्या दोन वाक्यांतच निदान आहे. चेहऱ्याचा उजळ भाग एका बाजूला सरकलाय आणि राखाडीचा मधला-गडद भाग दुसऱ्या बाजूला. ड्रायव्हरचा स्लायडर मात्र सगळ्या टप्प्यांना एकदमच ओढतो. म्हणून एक जागा दुरुस्त केली की दुसरी बिघडणारच. स्लायडर सगळे शून्यावर आणा आणि झाक नेमकी कोणत्या टप्प्यात आहे ते आधी शोधा. हे पाहिल्याशिवाय केलेला कुठलाही उपाय अंदाजपंचे असतो आणि त्यात कागद नि शाई दोन्ही वाया जातात.

झाक येते कुठून हे समजलं की पुढचं सोपं जातं. ड्रायव्हरमध्ये एक मोठा तक्ता असतो: फाइलमधला अमुक रंग आला की सहा शायांचे किती किती थेंब टाकायचे. हा तक्ता ओरिजिनल शाईच्या छटेवर आणि घट्टपणावर बेतलेला असतो. बाहेरची शाई दिसायला निळी-गुलाबी असली तरी तिचा डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, वेगळा असतो. मॅजेंटा जरा जास्त लालसर असेल, सायन (आकाशी निळी) जरा हिरवट असेल. त्याहून जास्त त्रास देतात त्या लाइट सायन आणि लाइट मॅजेंटा. उजळ भाग जवळजवळ याच दोन पातळ शायांनी आणि पिवळ्याने रंगवला जातो. टोन गडद होत गेला की ड्रायव्हर हळूहळू पूर्ण सायन-मॅजेंटाकडे वळतो आणि मग काळी आणतो. लाइट मॅजेंटा मुळापेक्षा घट्ट असेल तर गाल, कपाळ, पांढरा शर्ट लालसर होतो, पण गडद भागात काहीच कळत नाही. काळ्या शाईत हिरवट अंश असेल तर उलट: चेहरे ठीक, केस आणि सावल्या हिरव्या. तुमच्याकडे बहुधा दोन्ही एकत्र आहे.

आता पट्टी करा. फोटोशॉपमध्ये एसआरजीबी (नेहमीच्या फोटोंची रंगपद्धत) फाइल घ्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ग्रेडियंट ओढा आणि अ‍ॅडजस्टमेंट्समधलं पोस्टराइझ २१ लेव्हल्सवर लावा. २५५ (पांढरा) पासून ० (काळा) पर्यंत २१ घरं मिळतात, एका घराची उतरण साधारण १३ ची. फाइल आरजीबीतच (लाल, हिरवा, निळा) राहू द्या आणि ड्रायव्हरमधल्या ग्रेस्केलवर टिक करू नका; ती टिक केली तर शायांचं मिश्रण बदलतं आणि रंगीत फोटोत काय होतंय ते कळत नाही. पट्टीशेजारी चेहऱ्याचा एक चांगला फोटो ठेवा, आणि आपल्याकडचे डोळ्यांत बसलेले रंग: हळद, कुंकू, झेंडू, हिरवा चुडा. लग्नाचं काम करणाऱ्याने पैठणीचा एक क्लोजअपही घ्यावा, कारण जांभळ्या-हिरव्या धूपछाँव पोतात डायचा फरक लगेच उघडा पडतो.

छापण्याआधी नोझल चेक, म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रं उघडी आहेत का ते दाखवणारं चाचणीचं पान. सहापैकी एका रंगाच्या दोन-तीन रेघा तुटल्या असतील तर शाईला दोष देण्यात अर्थ नाही. पिवळ्याची जाळी पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाही. अंधारात मोबाइलचा स्क्रीन पूर्ण निळा करून त्याच्या उजेडात ती धरा. पिवळी शाई निळा प्रकाश शोषते, त्यामुळे रेघा काळ्या दिसतात आणि तुटलेली रेघ लगेच सापडते. हेड क्लीनिंग केलंत तर लगेच पट्टी छापू नका. आधी दोन-तीन भरगच्च रंगीत पानं जाऊ द्या, कारण क्लीनिंगनंतर हेडच्या तोंडाशी शाया थोड्या मिसळलेल्या असतात.

मग रंग दोनदा बदलला जात नाही ना ते तपासा. फोटोशॉपमध्ये कलर हँडलिंगला 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' ठेवलं आणि ड्रायव्हरचं करेक्शनही चालूच राहिलं, तर प्रोफाइल, म्हणजे त्या प्रिंटर-शाई-कागदासाठीचा रंगदुरुस्तीचा तक्ता, दोनदा लागते. याची खूण म्हणजे प्रिंट सगळीकडे गडद आणि मॅजेंटाकडे झुकलेली, उजळ-गडद असा भेद नाही. विंडोजवर ड्रायव्हरचं करेक्शन आपणच बंद करावं लागतं: प्रॉपर्टीजमध्ये कलर करेक्शनला कस्टम, मग अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट'. आवृत्तीप्रमाणे हा पर्याय आयसीएम नावाच्या पर्यायाच्या आत 'ऑफ' म्हणूनही सापडतो. मॅकवर एअरप्रिंटवाला (अ‍ॅपलचा सर्वसाधारण) ड्रायव्हर लागला असेल तर हे बंदच करता येत नाही. कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर टाकावा लागतो.

इथे कोरलड्रॉबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पासपोर्टच्या शीट आणि आयकार्ड अनेक ठिकाणी त्यातूनच जातात. डॉक्युमेंटचा प्रायमरी कलर मोड सीएमवायके (ऑफसेट छपाईच्या चार शायांचा) असेल तर फोटो आधी आरजीबीतून सीएमवायकेत जातो आणि ड्रायव्हरसाठी परत आरजीबीत येतो. हे इंकजेट ड्रायव्हर आरजीबीच मागतात. या येण्या-जाण्यात निळे आणि हिरवे मरतात, चेहरा मळकट होतो. नवं डॉक्युमेंट आरजीबीत उघडा. शाई न बदलता निम्मी तक्रार इथेच मिटल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

एवढं करून, फोटोशॉपमधून एप्सनच्या सगळ्यात जवळच्या ग्लॉसी कागदाची प्रोफाइल निवडून, ड्रायव्हरचं करेक्शन बंद ठेवून पट्टी छापा. डाय शाई ग्लॉसीवर लगेच कोरडी वाटते, पण छटा स्थिर व्हायला वेळ लागतो. किमान एक तास थांबा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते तेव्हा रात्रभर. ओल्या प्रिंटवर घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी चुकीचा ठरतो.

पट्टी बघायची ती दुकानातल्या एलईडी ट्यूबखाली नाही. बाहेरच्या शाईत मेटामेरिझम जास्त आढळतं: दिवसाच्या उजेडात राखाडी दिसणारा ठिपका ट्यूबखाली हिरवा किंवा गुलाबी दिसतो. सकाळी दहा-अकराला उत्तरेच्या खिडकीतला, थेट ऊन नसलेला उजेड सगळ्यात भरवशाचा. दिवाच वापरायचा तर ५००० केल्विनचा, ९० च्या वर सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) घ्या. छपाई उद्योगाचं आयएसओ ३६६४ हे मानकसुद्धा डी५० (५००० केल्विनचा, दिवसासारखा) प्रकाशच सांगतं. रंगीत भिंत, भगवा किंवा लाल पडदा शेजारी असेल तर त्याचंही प्रतिबिंब ग्लॉसीवर पडतं, ते बाजूला करा.

आता वाचा. फक्त २००च्या वरची उजळ घरं रंगलेली असतील तर संशय लाइट शायांवर. १००-१६० च्या दरम्यान छटा अचानक उडी मारत असेल, म्हणजे एक घर गुलाबी आणि पुढचं हिरवट, तर लाइट आणि पूर्ण शाईचा घट्टपणा एकमेकांशी जुळत नाही. फक्त शेवटची सहा-सात घरं रंगलेली असतील तर काळी. सगळी घरं सारखीच आणि हलकी रंगलेली असतील तर कागदाची स्वतःची छटा असू शकते; कोरा कागद शेजारी धरून पाहा.

लाइट शाईवर संशय आला की एक साधी चाचणी करता येते, मात्र त्यासाठी ओरिजिनल शाईचा तळाशी उरलेला अंश तरी हवा. इन्शुलिनच्या सिरिंजने ओरिजिनल लाइट मॅजेंटा १ मिली घ्या आणि १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडा. दुसऱ्या सिरिंजने नव्या बाटलीतलं १ मिली दुसऱ्या तशाच ग्लासात. दोन्ही ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पाहा. एक उघडपणे गडद असेल तर घट्टपणा चुकलाय. गडदपणा सारखा पण एक जांभळट आणि एक लालसर असेल तर डायच वेगळा आहे. घट्टपणातला फरक प्रोफाइल बऱ्यापैकी सांभाळून घेते. पण दोन ग्लासांत दुपटीसारखा फरक दिसत असेल तर ती बाटली बदला, कारण उजळ भागात दाणेही दिसू लागतील आणि दाणे कुठलीही प्रोफाइल काढू शकत नाही. याच चाचणीत आणखी एक गोष्ट कधीकधी सापडते: सायनच्या टाकीत लाइट सायन गेलेली. कंपॅटिबल बाटल्यांची लेबलं इतकी सारखी असतात की हे घडतं. पाणी घालून शाई पातळ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शाईचा पृष्ठताण आणि सुकण्याचा वेग बिघडतो आणि हेड जाम होतं.

आणखी एक ताकीद. एल८०५, एल१८००, एल८०५० ही सगळी डाय शाईची यंत्रं आहेत. पिगमेंट (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) शाई 'जास्त टिकते' म्हणून यात ओतू नका, आणि डायवर पिगमेंट तर मुळीच नको. दोन्ही मिसळल्या की गुठळ्या होऊ शकतात. चार रंगांच्या काही टँक प्रिंटरमध्ये काळी पिगमेंटची आणि बाकी तीन डायच्या असतात. त्यांत ग्लॉसी कागदावर काळी जवळजवळ वापरलीच जात नाही, राखाडी तीन रंगांतून बनते, त्यामुळे शाई बदलल्यावर झाक सगळ्यात वाईट तिथेच दिसते. अशा यंत्रावर हाताने दुरुस्ती करण्यात वेळ घालवू नका, सरळ प्रोफाइल करा.

दुरुस्तीकडे वळण्याआधी मीडिया टाइप (ड्रायव्हरमध्ये निवडायचा कागदाचा प्रकार) पक्का करा. स्थानिक १८० किंवा २०० जीएसएमचा ग्लॉसी कागद आणि बाहेरची शाई यांची जोडी एप्सनच्या कुठल्याच नावाशी तंतोतंत जुळत नाही. मीडिया टाइपवर शाई किती पडणार ते ठरतं. दोन-तीन टाइपवर तीच पट्टी छापा. ज्यात शेवटची काळी तीन-चार घरं एकमेकांपासून वेगळी दिसतात, शाई साचत नाही आणि तिरकस उजेडात तांबूस चमक येत नाही, तो टाइप निवडा. नंतर तो बदलायचा नाही. बदलला की खालचं सगळं पुन्हा करावं लागतं.

मोजणारं उपकरण नसेल तर राखाडी हाताने जुळवण्याची पद्धत अशी. हिरवा चॅनल स्थिर ठेवायचा आणि लाल-निळा हलवायचे. फोटोशॉपमध्ये १२ मिलिमीटरच्या चौकोनांची सात बाय सात अशी जाळी करा. मधल्या चौकोनात तिन्ही आकडे ११९ (एसआरजीबीत हा आकडा १८ टक्के ग्रे कार्डच्या, म्हणजे फोटोग्राफरच्या तटस्थ राखाडी कार्डाच्या, अगदी जवळ पडतो). डावीकडून उजवीकडे लाल −१२, −८, −४, ०, +४, +८, +१२ असा बदला. वरून खाली निळा तसाच. हिरवा सगळीकडे ११९. प्रत्येक चौकोनाखाली लाल आणि निळ्याचे आकडे बारीक अक्षरांत टाका, नाहीतर कापल्यावर कुठला कोणता ते कळणार नाही. अशीच दुसरी जाळी ६० भोवती आणि तिसरी १९० भोवती. एक जाळी ८४ मिलिमीटरची होते, म्हणजे तिन्ही एका ए-फोरवर बसतात. वरच्याच सेटिंगने, त्याच मीडिया टाइपने छापा आणि वाळू द्या.

नुसत्या डोळ्यांनी ४९ चौकोनांतून तटस्थ राखाडी निवडता येत नाही, कारण शेजारचे रंग डोळ्याला फसवतात. अप्पा बळवंत चौकातून काळ्या कार्डशीटचा तुकडा आणा आणि त्यात २० बाय १० मिलिमीटरची खिडकी कापा. १८ टक्के ग्रे कार्डाची सरळ कड चौकोनाच्या कडेला लावा, वरून काळी खिडकी अशी ठेवा की अर्ध्या भागात ग्रे कार्ड आणि अर्ध्या भागात फक्त तो एक चौकोन दिसेल. आता चौकोन गुलाबी, हिरवा, पिवळट की निळसर हे स्पष्ट कळतं. चौकोन कार्डापेक्षा फिका-गडद आहे का याकडे लक्ष देऊ नका, फक्त रंग बघा. ६० आणि १९० च्या जाळ्यांत उजळपणाचा फरक राहणारच. दर दोन मिनिटांनी खिडकीबाहेर बघून डोळ्यांना विश्रांती द्या.

समजा ११९ च्या जाळीत लाल १२३, निळा १२३ हा चौकोन राखाडी निघाला, म्हणजे हिरवटपणा काढायला दोन्ही वाढवावे लागले. १९० च्या जाळीत लाल १८६, निळा १८६ निघाला, म्हणजे उजळ भागात मॅजेंटा जास्त होता. आता कर्व्ह्ज अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या. रेड चॅनलमध्ये इनपुट ११९ ला आउटपुट १२३, इनपुट १९० ला आउटपुट १८६, ६० लाही त्याच्या जाळीप्रमाणे, ब्लूमध्ये तसंच. ० आणि २५५ ची टोकं हलवू नका, पांढरा कागद पांढराच राहिला पाहिजे. ग्रीनला हात लावायचा नाही. हा कर्व्ह प्रीसेट म्हणून साठवा आणि छापण्याआधी प्रत्येक फोटोवर सगळ्यात वर लावा. मूळ फाइलमध्ये तो कायमचा मुरवू नका. तीच फाइल लॅबला गेली तर तिथे उलटी झाक येईल.

तटस्थ चौकोन जाळीच्या कडेवर सापडला तर केंद्र तिकडे सरकवून पुन्हा छापा. २०-२५ अंकांपेक्षा जास्त सरकवावं लागत असेल तर कर्व्हने ते झाकू नका. एकतर कुठेतरी प्रोफाइल अजून दोनदा लागतेय, नाहीतर एखाद्या टाकीत भलतीच शाई आहे.

या पद्धतीची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. कर्व्ह फक्त राखाडी रेषा सरळ करतो. त्वचा, ब्लॅक अँड व्हाइट, पांढरे कपडे यांना त्याने चांगलाच फरक पडतो. पण पिवळ्या शाईचा डायच हिरवट असेल तर हळदीचा फोटो हिरवट येतच राहील, आणि राखाडी न बिघडवता कर्व्हने तो सुधारत नाही. तिथे आपल्याच शाई-कागदावर मोजून केलेल्या आयसीसी प्रोफाइललाच पर्याय नाही. माझं स्पष्ट मत आहे की रोज ग्राहकांचं काम करणाऱ्याने प्रोफाइल करून घ्यावीच. कर्व्ह हा तोवरचा उपाय. कागदाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरची तयार प्रोफाइल मात्र इथे निरुपयोगी, कारण ती ओरिजिनल शाईवर केलेली असते.

प्रोफाइलसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर (छापलेला रंग मोजणारं उपकरण) लागतो. कलरमंकी फोटो, आयवन स्टुडिओ आणि नंतर आलेला कॅलिब्राइटचा कलरचेकर स्टुडिओ हे एकाच घराण्यातले. मॉनिटरचं कॅलिब्रेशन करणारा साधा कलरीमीटर यासाठी चालत नाही. सोबतचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. अजून बारकाई हवी असेल तर आर्गिल सीएमएस मोफत आहे. त्यात टार्जेनने चौकोन ठरवायचे, प्रिंटटार्गने पान बनवायचं, चार्टरीडने मोजायचं आणि कोलप्रॉफने प्रोफाइल. २०० ते ४०० चौकोन घ्या आणि त्यात राखाडीचे चौकोन वाढवून मागा, कारण झाक तिथेच दिसते. चार्ट (त्या चौकोनांचं पान) छापताना रंग व्यवस्थापन पूर्ण बंद हवं, फोटोशॉपचंही. त्यासाठी अडोबीची कलर प्रिंटर युटिलिटी वापरा. ती काहीही बदल न करता फाइल पाठवते. चार्टवर आधीचा कर्व्ह लावायचा नाही. छापल्यावर पूर्ण एक दिवस वाळवा, सपाट आणि अंधारात. मोजताना कागदाखाली दोन-तीन कोरे कागद ठेवा, टेबलाचा रंग मागून डोकावू नये म्हणून.

प्रोफाइलच्या नावात प्रिंटर, शाई, कागद, मीडिया टाइप आणि तारीख हे पाचही घाला. छापताना फोटोशॉपच्या पर्यायांत (छापता न येणारे रंग कसे बसवायचे ते यांनी ठरतं) चेहऱ्यांसाठी रिलेटिव्ह कलरीमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू. खूप भडक फुलं, रोषणाई असेल तर परसेप्च्युअल करून पाहा. जे पासपोर्ट सॉफ्टवेअर प्रोफाइल ओळखतच नाही, त्यासाठी फोटोशॉपमध्ये कॉपीवर 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' करून ती वेगळ्या फोल्डरमध्ये साठवा आणि ड्रायव्हरचं करेक्शन बंद ठेवून छापा. ती कॉपी स्क्रीनवर विचित्र दिसली तर चालेल, ती फक्त त्या एका प्रिंटरसाठी आहे.

हे सगळं टिकतं ते शाई टिकते तोवरच. तीच कंपनी, तेच लेबल, तरी नव्या लॉटची छटा वेगळी निघू शकते. म्हणून सहाही बाटल्या एका लॉटच्या आणि शक्यतो दोन-तीन सेट एकदम घ्या. नवी बाटली ओतल्यावर फरक लगेच दिसत नाही, कारण नळ्यांत आणि डॅम्परमध्ये (हेडजवळची शाईची छोटी पेटी) जुनी शाई असते. काही दिवसांत हळूहळू रंग सरकतो आणि मग कारण सापडत नाही. बाटली बदलल्याची तारीख टाकीवर चिकटवा. प्रोफाइल केली त्या दिवशी छापलेली २१ घरांची पट्टी अंधाऱ्या फाइलमध्ये ठेवा आणि दर बाटलीनंतर नवी पट्टी तिच्याशेजारी धरा. फरक दिसला तरच पुन्हा मोजायचं. कंपनीच बदलायची असेल तर टाकीत उरलेल्या शाईवर दुसरी ओतू नका. आधी टाकी रिकामी करा. ड्रायव्हरमधलं पॉवर इंक फ्लशिंग नळ्या साफ करतं, पण शाई खूप खातं आणि वेस्ट पॅड (वाया गेलेली शाई शोषणारा भाग) भरतं, म्हणून फक्त अशाच वेळी.

मार्च ते मे पुण्याची कोरडी हवा नोझल सुकवते. काम नसलं तरी दोन दिवसांआड सहाही रंगांचं एक छोटं पान काढा. पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका. दमट कागदावर शाई पसरते आणि छटा बदलते.

आणि प्रिंट देताना चांगली होती, दोन-तीन महिन्यांत लाल झाली अशी ग्राहकाची तक्रार आली तर प्रोफाइल तपासत बसू नका. ते फिकं पडणं आहे. हवेतल्या ओझोनने बहुतेक वेळा सायन डाय आधी जातो, उरतात मॅजेंटा आणि पिवळा. भिंतीवर लावायची प्रिंट काचेच्या फ्रेममध्ये किंवा लॅमिनेट करूनच द्या, आणि वर्षानुवर्षं टिकायला हवा असा फोटो असेल तर तो बाहेरच्या डाय शाईवर छापूच नका.